गावाच्या गायरानावर सोलर प्रकल्प येतोय तर लोक विरोध का करतायत? शेतकऱ्याला दिवसा वीज नकोय का?

दिवसा वीज नको म्हणणारा शेतकरी मला तरी अजून भेटला नाही. रात्रपाळीची लाईट असली की जानेवारीच्या थंडीत बॅटरी घेऊन गव्हाला दारं धरायला जावं लागतं, पायाखाली साप आहे की काय ते कळत नाही आणि आता बऱ्याच भागात बिबट्याची पण धास्ती, त्यामुळे सबस्टेशनजवळ सोलर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला मनापासून पटते. भांडण आहे ते जागा कोणाची घेताय यावर.

याच योजनेत खाजगी जमीन भाड्याने घेतली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख मिळतात, वर दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र १ रुपया नाममात्र भाड्याने. मग सबस्टेशनजवळ गायरान असलं की सगळ्यांची नजर तिकडंच जाणार ना! ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात खरे, पण पॅनल तिथं पंचवीस वर्षं राहणार आणि एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात, म्हणजे ५ मेगावॅटचा प्रकल्प आला तर वीस-पंचवीस एकराला तारेचं कंपाउंड. ज्याला स्वतःचा बांध नाही त्यानं शेळ्या न्यायच्या कुठं? विकायच्याच.

मराठवाड्यात तर गायरानावर पिढ्यानपिढ्या कसणारी दलित, पारधी, भूमिहीन कुटुंबं आहेत. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच प्रश्नावर. १४ एप्रिल १९९० च्या आधीची अतिक्रमणं नियमित करायचा जीआर १९९१ मध्ये निघाला, तरी कितीतरी जणांच्या नावावर आजही काही नाही. शेजारच्या बागायतदाराला भाडं आणि यांना नोटीस, मला हे अजिबात मान्य नाही.

अजून एक, कुठल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते ते ठरवणाऱ्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत सोलर पॅनलचे प्रकल्प येत नाहीत, त्यामुळे त्या कायद्याखालची जनसुनावणीच होत नाही. बोलायला जागा उरते ती ग्रामसभा.

तुमच्या गावात विषय आला असेल तर आधी तलाठ्याकडून गाव नमुना १-ई ची नक्कल काढा, त्यात अतिक्रमणांच्या नोंदी असतात, कोणाचं नाव आहे कोणाचं राहिलंय ते तिथंच कळतं. मग जमीन महसूल अधिनियमाचं कलम २२अ वाचा, सार्वजनिक प्रकल्पाला गायरान द्यायचं तर दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसली पाहिजे असं त्यात आहे, तेव्हा दुसरी कुठली जमीन बघितली ते लेखी विचारा. सबस्टेशनच्या आसपास कोणी स्वतःची हलकी जमीन भाड्याने द्यायला तयार असेल तर त्यांचे गट नंबर ठरावात घाला. आणि एवढं करून गायरान द्यायचंच ठरलं तर चराईला बदली जागा कुठली तेही त्याच ठरावात गट नंबरासकट लिहून घ्या, नंतर बघू म्हणाले तर सही करू नका.