चेकॉव्हची जुनी पुस्तके रशियातील लहान शहरांच्या ग्रंथालयांत कशी पोहोचली?

रशियन कथाकार व नाटककार अंतोन चेकॉव्हच्या हयातीतील पुस्तके मॉस्को-पीटर्सबर्गबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचत होती का, आणि पाहण्याजोगा एखादा जुना संग्रह कोणता, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे एका तालुक्याच्या वाचनालयात दाखल नोंदवही सांभाळली आहे, त्यामुळे पुस्तक कपाटात आले कुठून, हा प्रश्न मला नेहमीच आधी पडतो.

पोहोचत होती, आणि त्याचे मोठे श्रेय एका साप्ताहिकाला आहे. पीटर्सबर्गचे प्रकाशक आडॉल्फ मार्क्स (कार्ल मार्क्सशी यांचा संबंध नाही) यांनी 1899 मध्ये 75,000 रूबल देऊन चेकॉव्हच्या लेखनाचे हक्क विकत घेतले आणि 1903 मध्ये त्याचे समग्र लेखन 16 खंडांत ‘निवा’ या आपल्या सचित्र साप्ताहिकाच्या वर्गणीदारांना पुरवणी म्हणून दिले. ‘निवा’चे वर्गणीदार देशभर पसरलेले होते, त्यामुळे जेथे पुस्तकांचे दुकान नव्हते अशा गावांतही टपालाने चेकॉव्ह पोहोचला. असे खंड हाती आले तर कण्यावरचे नाव पाहावे: 1918 च्या लिपीसुधारणेपूर्वीच्या छपाईत ‘चेकॉव्ह’च्या शेवटी उच्चार नसलेले एक जादा अक्षर असते.

मात्र एकच संग्रह निवडायचा झाल्यास मी अझोव समुद्राकाठच्या तागानरोगचे नगर ग्रंथालय निवडेन. चेकॉव्हचा जन्म 1860 मध्ये याच शहरात झाला. ग्रंथालय 1876 मध्ये उघडले, आणि त्याच वर्षी वडिलांचे दिवाळे निघून कुटुंब मॉस्कोला गेले. शिक्षणासाठी मागे राहिलेला सोळा वर्षांचा अंतोन या ग्रंथालयाचा वाचक झाला. पुढे लेखक म्हणून नाव झाल्यावर त्याने तेथे पुस्तके पाठवण्यास सुरुवात केली आणि अखेरपर्यंत पाठवलेल्या पुस्तकांची संख्या दोन हजारांवर गेली. त्यांत इतर लेखकांनी त्याला स्वाक्षरीसह भेट दिलेल्या प्रतीही होत्या. एरवी अशा प्रती कोणी घराबाहेर जाऊ देत नाही!

या देणगीला शिस्त होती, हे मला विशेष वाटते. आमच्याकडे देणगी म्हणून बहुधा माळ्यावरची वाळवी लागलेली पोती येत. चेकॉव्ह मात्र शहराच्या कारभारात असलेले डॉक्टर योर्दानोव यांना पत्रे लिहून काय हवे ते विचारत असे आणि संदर्भ विभाग उभारण्याविषयी सुचवत असे. क्षयाच्या आजारामुळे 1897-98 चा हिवाळा फ्रान्समधील नीस येथे काढत असताना त्याने या ग्रंथालयासाठी अभिजात फ्रेंच लेखकांची पुस्तके विकत घेतली. त्याच्याच पत्रातील हिशेबानुसार ती सुमारे 70 लेखकांची 319 पुस्तके होती. शिवाय आपला सहभाग कोणाला कळू देऊ नका, अशी त्याने योर्दानोव यांना विनंती केली होती. त्यामुळे या संग्रहात चेकॉव्हने लिहिलेल्या पुस्तकांइतकीच त्याने निवडलेली पुस्तकेही महत्त्वाची आहेत, आणि आपण अभ्यासासाठी जाणार असाल तर दोहोंचीही चौकशी करावी.

ग्रंथालयाची नवी इमारत त्याच्या मृत्यूनंतर, 1914 मध्ये उघडली. तिचा आराखडा चेकॉव्हचा जुना मित्र फ्योदोर शेख्तेल याने केला. चेकॉव्हच्या 1886 च्या ‘रंगीबेरंगी कथा’ या कथासंग्रहाचे मुखपृष्ठही शेख्तेलचेच होते.