'पोरस' फिल्म: सच्छिद्र, रंध्रमय की जाळीदार?

प्रश्न असा आहे: वायू ओळखणाऱ्या सेन्सरवरच्या 'पोरस पॉलिमर फिल्म'ला मराठीत काय म्हणावं? 'सच्छिद्र' लिहिलं की फिल्म फाटकी वाटते, अशी विचारणाऱ्यांची तक्रार.

वाटते खरी. मराठीत छिद्राला दोषाचा वास आहे. छिद्रान्वेषी माणूस काही गुण शोधत नसतो. रंध्र मात्र जिवंत अंगाचं. नासारंध्र, त्वचेची रंध्रं, आणि गाणं भिनतं तेही रंध्रारंध्रात. (संस्कृतात रंध्रालाही 'उणीव' हा अर्थ आहे, पण मराठीत तो फारसा उतरला नाही.)

हा फरक इथे कामालाही येतो. पॉलिअ‍ॅनिलिनची फिल्म घ्या (हे वीज वाहून नेणारं पॉलिमर). अमोनिया तिच्यातले प्रोटॉन काढून घेतो, तिची विद्युतवाहकता घटते आणि त्यावरून वायू कळतो. फिल्म घट्ट असेल तर वायूला आत झिरपायला वेळ लागतो, म्हणून तिच्यात मुद्दाम पोकळ्या ठेवतात. त्या रंध्रं. फिल्म पसरताना नको तिथे आरपार पडलेलं भोक, ते छिद्र. दोन्हींना एकच शब्द लावलात तर 'छिद्रं वाढवली' आणि 'छिद्रं टाळली' ही वाक्यं एकाच परिच्छेदात भांडत बसतील.

विशेषण मात्र 'सच्छिद्र'च ठेवा. भूगोलातल्या सच्छिद्र खडकापासून ते रुळलंय. 'रंध्रमय' कानाला जड. आणि लिहिताना तो च् गाळू नका: स्व + छंद = स्वच्छंद, तसंच स + छिद्र = सच्छिद्र.

आता जाळीदार. १९९४ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी दमट हवेत पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या द्रावणापासून फिल्म केल्याचं प्रसिद्ध झालं. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं, आणि थेंब सुकले की त्यांच्या जागी मधाच्या पोळ्यासारखी घरं उरतात. अशा फिल्मला मी बिनदिक्कत जाळीदार म्हणेन. आंबोळीला भोकं पडली असं कुणी म्हणतं का? छान जाळी पडली, म्हणतात. (तिथे वायू बाहेर पडताना जाळी पाडतो, इथे जाळी वायूला आत घेते, एवढाच काय तो फरक.) २ नॅनोमीटरहून बारीक रंध्रांना मात्र हा शब्द नको. जाळी म्हटली की ती निदान साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तरी दिसावी.