पोरगा निर्दोष सुटला, तरी लोक का बोलायलेत?

प्रश्न : मॅडम नमस्कार, आम्ही सेलू तालुक्यातले. 2019 ला बांधावरून भावकीत भांडणं झाली, समोरच्याचा हात मोडला अन् माझ्या पोराचं नाव भादंवि कलम 326 (घातक हत्यारानं गंभीर दुखापत) मधे गेलं, तेव्हा तो कॉलेजात होता. आता कोर्टानं सोडलं पण निकालात 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' असं लिहिलंय. भावकीतले पारावर बसून म्हणायलेत, सुटला म्हणजे काय निर्दोष झाला व्हय, साक्षीदार फिरले म्हणून वाचला. पोराला पोलीस भरती करायचीय. तो खरंच निर्दोष धरायचा का, अन् फॉर्मवर काय लिहायचं? निकालाची झेरॉक्स जोडलीय.
– एक वडील, जि. परभणी

उत्तर : काका, निकाल पूर्ण वाचला. तुमचा पोरगा कायद्याच्या नजरेत निर्दोष आहे, पूर्णपणे. केस चालू होती तेव्हासुद्धा तो निर्दोषच धरलेला होता, गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाची असते अन् ती त्यांना पार पाडता आली नाही. सुप्रीम कोर्टानं 2007 मधे चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या केसमधे सांगितलंय की खालच्या कोर्टानं सोडलं की निर्दोष असण्याचं गृहीतक आणखी पक्कं होतं. त्यामुळं पारावर कुणी त्याला गुन्हेगार म्हणत असेल तर त्याला कायद्याचा काडीचाही आधार नाही.

पण निकालात काय नाही तेही बघा. त्या दिवशी बांधावर नेमकं काय झालं हे कोर्टानं ठरवलेलं नाही, समोर आलेल्या पुराव्यावर शिक्षा देता येते का एवढंच बघितलंय. अन् पुरावा कसा आला? काठी जप्तीचे दोन्ही पंच म्हणाले की काठी आमच्यासमोर जप्त झालीच नाही, सह्या ठाण्यात घेतल्या. डॉक्टरांनी उलटतपासणीत मान्य केलं की पडल्यानं पण असा हात मोडू शकतो, अन् ज्याचा हात मोडला तोच म्हणाला अंधार होता, कुणी मारलं दिसलं नाही. मग जजसाहेबांच्या हातात राहिलं काय? फितूर साक्षीदाराचा जबाब सगळा फेकून देत नाहीत, त्यातला विश्वास ठेवण्यासारखा भाग घेता येतो, पण इथं घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. 326 कोर्टात आपसात मिटवता येत नाही, म्हणून आपल्याकडं बऱ्याचदा बाहेर मिटवतात अन् मग साक्षीदार कोर्टात येऊन काहीच आठवत नाही म्हणतात. तुमच्याकडं तसं झालं का मला माहीत नाही अन् मी विचारत पण नाही. पण लोकांच्या मनातली शंका तिथून येते, आणि त्या शंकेची किंमत ज्या पोरानं खरंच काही केलेलं नसतं त्याला पण मोजावी लागते याचं मला फार वाईट वाटतं.

भरतीत हीच गोष्ट आडवी येऊ शकते, कारण तिथं मुक्तता सन्मानाची होती का हे बघतात. 'सन्मानपूर्वक मुक्तता' असा शब्द फौजदारी कायद्यात कुठंच नाही, पण समुथिरम केसमधे (2012) सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की सगळा पुरावा तपासून सरकारी पक्ष पूर्ण तोंडघशी पडला असेल तर तशी मुक्तता सन्मानाची म्हणता येईल. साक्षीदार फिरल्यामुळं सुटलेल्याला नोकरीवर घ्यायचं का हे बघायचा अधिकार पोलीस खात्याला आहे. म्हणजे नोकरी मिळेलच असं मी सांगू शकत नाही, अन् निर्दोष असूनही दार बंद होऊ शकतं हे मला स्वतःला पटत नाही, पण आजचा कायदा असा आहे.

साक्षांकन नमुना (भरतीत चारित्र्य पडताळणीसाठी भरायचा फॉर्म) भरताना केसबद्दल विचारलेलं सगळं खरं लिहा. अटक झाली असेल तर हो लिहा, केस नंबर, कोर्ट, निकालाची तारीख टाका. कुणी एजंट म्हणेल सुटलाय ना मग नाही लिहून टाक, त्याचं बिलकुल ऐकू नका. अवतार सिंग केसमधे (2016) हेच आलं होतं, लपवलेलं सापडलं तर निवड झालेली पण जाऊ शकते, आणि खरं सांगितलं तर निदान पोराची बाजू मांडायला जागा राहते. कोर्टातून निकालाची सर्टिफाईड नक्कल काढा (झेरॉक्स चालणार नाही), एक प्रत अर्जासोबत ठाण्यात द्या, रेकॉर्डला निकालाची नोंद घ्या म्हणावं, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

अपीलाचं पण ध्यानात असू द्या. मॅजिस्ट्रेट कोर्टाचा निकाल असल्यामुळं सरकार किंवा जखमी सेशन कोर्टात जाऊ शकतात, निकालाआधी पोरानं सहा महिन्यांचा बाँड दिला असेल तो त्यासाठीच. नोटीस आली तर घाबरू नका पण तारीख चुकवू नका. बदनामीची केस मात्र सध्या करू नका असं माझं मत आहे, बांध तोच अन् भावकी तीच, त्यापेक्षा पोराला ग्राउंडच्या तयारीला लागू द्या.