दावं कुणी कापलं ते आधी लिही

कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या एका मुलाचं पत्र आलंय. लॉर्ड ऑफ द रिंग्ज वाचून वेडा झालाय, तसलीच मोठी कादंबरी मराठीत लिहायचीय, तीन राज्यं, बर्फाचे डोंगर, नकाशे सगळं तयार, पण पहिलं प्रकरणच काय होईना. वडील म्हणतात हे रिकामटेकडे धंदे. 'मावशी, घरात कुणाला कळतच नाही, मराठीत फँटसी वाचणार तरी कोण, नोकरी सोडून कोर्स करू का?'

बाळा, तुझ्या चार पानांतली अडीच पानं नुस्ती नकाशाची आहेत. आणि मधेच कुठंतरी एक ओळ, '2019 च्या पुरात पहिली वही गेली, बाबांनी दावं कापून म्हैस सोडली, मग परत नवीन वहीत सुरू केलं.' आणि लगेच पुढं ड्रॅगन!

अरे थांब की जरा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोका असतोय, त्या ऑगस्टात पाणी 55 च्या वर गेलेलं, गोठ्यात छातीएवढं पाणी असणार, ती हंबरत असणार, आणि ज्या माणसानं तिला रोज वैरण घातली त्यानंच दावं कापलं. त्याचं तू अर्ध्या वाक्यात उरकलंस, आणि वर त्यालाच काय कळत नाही म्हणतोस? मला राग आला वाचून, खरंच सांगते.

तुझा तो लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणारा टोल्किन 1916 ला, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधे सोमच्या लढाईत होता. पुस्तकात ती दलदल आहे ना, पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे दिसतात ती, तिच्यात सोमनंतरच्या त्या मुलखाचं काहीतरी उतरलंय असं त्यानं स्वतः पत्रात लिहिलंय. बघितलेलं होतं त्यानं, म्हणून तर ते पान वाचताना तुझ्या अंगावर काटा येतो. तू बर्फ कधी बघितलास?

आणि राहतोस कुठं, तर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती जिथं एक होतात तिथं, आणि पाचवी सरस्वती, जी कुणालाच दिसत नाही, गुप्त आहे म्हणतात. एवढं दाराशी असताना तू तीन राज्यांची नावं जुळवत बसलायस. ती म्हैस पोहत पोहत त्या पाचव्या नदीकडं गेली असेल तर? मला तर आत्ताच पुढं वाचायचंय.

कोण वाचणार, कोर्स करू का, ते नंतर बघू. नोकरी अजिबात सोडू नको. आज जेवणं झाली की बाबांच्या शेजारी बस आणि विचार, दावं कशानं कापलं, ती कुठल्या अंगाला गेली, नंतर कुणाच्या शिवारात सापडली का. ते बोलायला लागले की मधे तोंड घालू नको, कादंबरीचं तर नावच काढू नको. मग त्याच रात्री लिहायला बस, आणि होतील तेवढी पानं मला पाठव. नकाशा नको.