अंडं फोडून खाणारी कोंबडी : कापायची घाई करू नका

प्रश्न : ताई, आमच्याकडं १२ कोंबड्या हायत, काही गावरान काही वनराजा जातीच्या. ऊन वाढल्यापासून आपलेच अंडे फोडून खायल्यात. टोपल्यात बघावं तर नुसता बलक सांडलेला. खायला ज्वारी टाकतो, बाकी घरातलं उरलेलं. शेजारचे म्हणले चोच तव्यावर भाजा, कुणी म्हणलं अंड्यात मिरची भरून ठेवा. सासूबाई म्हणतात एकदा चटक लागली की सुटत नाही, कापून टाका. काय करावं? – एक वाचक, औसा

उत्तर : चोच अजिबात भाजू नका हो. चोचीच्या आत नसा असतात, भाजल्यावर त्या जिवाला इतकं दुखतं की ती धड दाणाही टिपत नाही, मग अंडी कुठून देणार. मिरचीचंही सोडून द्या. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, पोपट हिरवी मिरची कशी आरामात खातो बघितलंय ना, तसंच तुमच्या कोंबड्या ते भरलेलं अंडंही खाऊन टाकतील आणि सवय उलट पक्की होईल.

पहिलं अंडं बहुतेक वेळा आपोआपच फुटतं. टरफल पातळ असतं किंवा एकाच टोपल्यात दोघी-तिघी घुसतात, पायाखाली येतं, मग एक चोच मारते, चव लागते आणि तिचं बघून बाकीच्या शिकतात. तुम्ही लिहिलंय ऊन वाढल्यापासून आणि ज्वारी, मला तर सगळी गोम तिथंच दिसते. एका अंड्याच्या टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं आणि ज्वारीत ते नसल्यातच जमा. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, पारा ४२ च्या वर. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड उघडून धापा टाकते, त्या धापांमधून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि टरफलासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं, शिवाय उन्हात खाणंही कमी होतं. मग टरफल कागदासारखं होणार नाही तर काय!

तर आजच दुकानातून शिंपल्याची भरड आणा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा, संध्याकाळी आठवणीनं भरा, कारण टरफल मुख्यतः रात्रीतूनच तयार होतं. घरच्या अंड्यांची टरफलं वापरायची असली तर तव्यावर भाजून एकदम बारीक कुटून द्या, अर्धी टरफलं टाकली तर त्यांना अंडं ओळखू येतं. परवडलं तर निम्मं लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य सुरू करा, पण पिल्लांना ते देऊ नका, एवढं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही. खुराड्यावर पत्रा असेल तर त्यावर कडबा टाका, पाणी सावलीत ठेवा आणि दुपारी बदला.

टोपल्याचं पण बघा. ४-५ कोंबड्यांना एक तरी टोपलं पाहिजे, कोपऱ्यात, पुढं गोणपाटाचा पडदा सोडलेला, म्हणजे आत अंधार राहतो आणि अंडं दिसत नाही. खाली भुसकट जाड घाला. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात, तेव्हा दुपारपर्यंत दोन-तीनदा उचला. आणि सकाळी एकेकीला हातात धरून चोच बघा, जिच्या चोचीच्या कडेला नाहीतर गळ्याच्या पिसांना पिवळा वाळलेला बलक चिकटलाय ती मुख्य खाणारी, तिला काही दिवस वेगळं ठेवा. टोपल्यात लाकडी किंवा चिनी मातीचं खोटं अंडं ठेवा, चोच मारून मारून काही हाती लागत नाही म्हणल्यावर बऱ्याच जणी नाद सोडतात. एखादी नाहीच सुटली तर सासूबाईंचं ऐका, पण ते शेवटी, आधी नाही.

प्रश्न : बाजारातून ४ तलंगा (अंड्यावर यायच्या वयाच्या कोंबड्या) आणल्या तर जुन्या कोंबड्या त्यांना टोचून टोचून शेपटीजवळची पिसं उपटायल्यात. एकीला रक्त आलंय. – एक वाचक, माजलगाव

उत्तर : रक्त आलेलीला आत्ता, हे वाचून होताच बाजूला काढा. लाल दिसलं की सगळ्याच तिथं टोचत सुटतात आणि कधीकधी जीवही घेतात. जखम धुऊन हळद-खोबरेल लावा, सुकून पिसं फुटेपर्यंत परत सोडू नका.

कोंबड्यांमध्ये कोण वर कोण खाली हे ठरलेलं असतं, १९२१ मध्ये नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डरूप-एब्बे यांनी ते अभ्यासून मांडलं होतं. नवीन आल्या की ते सगळं पुन्हा ठरवावं लागतं, थोडी टोचाटोची होणारच. पण थेट आत सोडायला नको होत्या. मानमोडीची (राणीखेत या साथीच्या रोगाची) भीती असते म्हणून दोन-तीन आठवडे लांब ठेवायच्या, मग आठवडाभर मधे जाळी लावून, एकमेकींना दिसतील पण टोचता येणार नाही अशा, आणि मग रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवायच्या. खाणं-पाणी दोन ठिकाणी ठेवा म्हणजे दुबळ्या उपाशी राहत नाहीत. दाटी असेल तर जागा वाढवल्याशिवाय हे थांबत नाही.

प्रथिनं कमी पडली तरी पिसं उपटतात. सोयाबीन आपल्याकडं घरोघरी असतं, पण कच्चं घालू नका, पचत नाही, चांगलं भाजून भरडून थोडं मिसळा. सरकीची ढेप नको.

प्रश्न : कोंबडी खुडूक बसलीय, म्हणजे अंडी घालायचं सोडून उबवायला बसलीय, उठवलं तरी परत जाते. नाकात पीस घालायचं का पाण्यात बुडवायचं? – एक वाचक, कळमनुरी

उत्तर : दोन्ही नको, तिचे हाल होतात. जाळीच्या तळाचा पिंजरा घ्या, विटांवर उंच ठेवा म्हणजे पोटाला खालून हवा लागते, आत दाणा-पाणी ठेवा पण भुसकट नको. ३-४ दिवसांत बहुतेक उतरते. पिल्लं हवी असतील तर बसू द्या, २१ दिवस, पण मे महिन्यात नको, उन्हात ठेवलेली अंडी आधीच आतून बिघडलेली असतात. पावसाळा सरल्यावर बसवा आणि अंडी ताजीच घ्या, फार तर आठवड्याच्या आतली.