आजोबांच्या ऐरणीचा माथा तासू नका, आधी हातोडे आणि ओंडका बघा

दादा, प्रश्न वाचला. भिलवडीत आजोबांची शिंगवाली ऐरण आणि पेटीभर हातोडे-सांडशा-छिन्न्या, २०१९ च्या पुरात सगळं बुडालं, तेव्हापासून गोठ्यात पडून, आणि आता फॅब्रिकेशनवाला म्हणतोय की माथा मशीनवर सपाट करून देतो, कडा वेल्डिंगनं भरतो, वरून ऑइलपेंट मारून एकदम नवी करतो. त्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा. तो माणूस वाईट नाही, पण फॅब्रिकेशनवाल्याला सपाट आणि चकचकीत म्हणजे चांगलं असं वाटतं आणि ऐरणीला तो हिशोब लागत नाही.

माझं म्हणणं एकच आहे, ऐरणीला सगळ्यात कमी हात लावायचा आणि तिच्या खालच्या ओंडक्याला नि वरच्या हातोड्यांना सगळ्यात जास्त. लोक बरोबर उलटं करतात.

माथ्याला हात का लावायचा नाही ते सांगतो. जुन्या इंग्लिश पद्धतीच्या ऐरणी अख्ख्या पोलादाच्या नसायच्या. अंग घडीव लोखंडाचं, मऊ, आणि माथ्यावर साधारण अर्ध्या इंचाची पोलादी पट्टी भट्टीतच तापवून ठोकून जोडलेली, मग तिला पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम विझवून कडक केलेलं. म्हणजे सगळी ताकद त्या अर्ध्या इंचात आहे. आजोबांनी उभी हयात काम करून त्यातलं थोडं आधीच झिजवलंय, आता सपाटीसाठी मशीननं अजून चार-पाच मिलिमीटर काढले तर उरतं काय? पट्टी पातळ झाली की खालचं मऊ लोखंड दबायला लागतं आणि माथा कायमचा जातो. शिवाय मधे जी थोडी खोलगट झालीय म्हणता ती कामाला येते हो, वाकडी पट्टी किंवा सळई सरळ करताना थोडा खोलगा लागतोच, एकदम सपाटीवर ठोकलं तर ती उडून परत तेवढीच वाकडी राहते.

वेल्डिंगचंही तेच. थंड ऐरणीवर साध्या रॉडनं कड भरली की आजूबाजूचं पाणी दिलेलं पोलाद एकदम तापतं आणि लगेच थंड पडतं, ठिसूळ होतं, आणि पुढं तिथूनच तुकडा उडतो. कडा भरता येतच नाहीत असं नाही, अख्खी ऐरण आधी सावकाश गरम करून, योग्य रॉड वापरून, नंतर हळूहळू थंड करत नेणारे कारागीर असतात, पण तुमच्या फोटोत दिसतात तेवढ्या टवक्यांसाठी ती जोखीम घेऊ नका. टवके उडालेत तिथं फ्लॅप डिस्कनं (ग्राइंडरला लावायची पॉलिशपेपरच्या पाकळ्यांची चकती) फक्त कड गोल करून घ्या म्हणजे चीर पुढं सरकणार नाही. धारदार कड तशीही कामाची नाही, तापलेल्या लोखंडात ती कापत जाते आणि वाकवलेल्या जागी आतून चीर पडते. आणि गंज किंवा रंग जाळायला म्हणून ऐरण चुकूनसुद्धा भट्टीत घालू नका, पाणी उतरतं, म्हणजे तो कडकपणा जातो. त्यावर इलाज जवळपास नाहीच.

आता ऐरण कशी आहे ते आधी तपासा. एक इंची बेअरिंगचा गोळा घ्या, पंचवीस सेंटिमीटरवरून माथ्यावर सोडा आणि मागं मोजपट्टी धरून किती उसळतो ते बघा. अठरा ते बावीसपर्यंत आला तर माथा उत्तम आहे. निम्म्याच्या पण खाली राहिला तर एकतर ती बिडाची आहे किंवा पाणी उतरलंय. एकाच जागी नका करू, शिंगापासून टोकापर्यंत सगळीकडं सोडत जा, मधेच एखाद्या ठिकाणी गोळा मेल्यासारखा पडला आणि हातोडीनं वाजवल्यावर तिथंच आवाज बद्द आला तर तेवढ्या भागात पट्टी खालून सुटलेली असू शकते. तिथं जोराचं काम घ्यायचं नाही, बाकी भाग खुशाल वापरा.

तुम्ही विचारलंय की बाजूला १ २ १० असे आकडे आहेत ते साल आहे का मॉडेल. दोन्ही नाही, ते वजन आहे. पहिला आकडा ११२ पौंडाचा, दुसरा २८ पौंडाचा, तिसरा सुटे पौंड. म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड, साधारण ८१ किलो. कुठंतरी काट्यावर घालून बघा, जवळपास तेवढंच भरलं तर अंग शाबूत आहे असं समजा. आणि पोटाला नि बुडाला जी चौकोनी भोकं आहेत ती कुणी नंतर पाडलेली नाहीत, घडवताना एवढा तापलेला गोळा दांड्यानं उचलायला ती ठेवलेली असतात. बुजवू नका. माथा आणि शिंग यांच्यामधे जी थोडी खालची पायरी आहे तिथं पोलादी पट्टी नसते, छिन्नीनं तोडायचं काम तिथं करतात, म्हणून तिथं खाचा दिसतायत. त्या राहू द्या.

आपल्या गावच्या लोहारांची मूळ ऐरण म्हणजे ओंडक्यात ठोकलेला बिनशिंगाचा चौकोनी ठोकळा, घिसाडी लोकांकडं, म्हणजे भटक्या लोहारांकडं, बाजारात अजून तीच दिसते. शिंगवाल्या बहुतेक रेल्वेच्या नाहीतर कारखान्याच्या वर्कशॉपमधून आलेल्या. तुमच्या शेजारचं किर्लोस्करवाडी १९१० ला कुंडल रोड स्टेशनाजवळ औंध संस्थानच्या जमिनीवर उभं राहिलं, लोखंडी नांगर निघायला लागले, त्या सगळ्या पट्ट्यात लोखंडाचं काम जाणणारी माणसं तयार झाली. तुमची ऐरण तिथलीच असं मी म्हणत नाही, पण आजोबा कुठं कामाला होते ते घरात विचारून लिहून ठेवा, ही माहिती माणसांबरोबर जाते.

गंजाचं सांगतो. ऐरणीला फार काही लागत नाही, पुराचा गाळ पाण्यानं धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, रॉकेल किंवा डिझेल लावून वायर ब्रशनं घासा, मग जवसाच्या तेलाचा पातळ हात. पेंट नको. माथा तर काम सुरू झाल्यावर आपोआपच उजळ होतो. एक फार महत्त्वाचं, जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना स्वतःच तापतात आणि पेटतात, खरोखर पेटतात. मोकळी पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

बारक्या हत्यारांना लिंबूसत्व चांगलं, लिटरला पन्नास ग्रॅम, रात्रभर, सकाळी घासून सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच वाळवून तेल. दांडे आधी काढून घ्या. खूपच खाल्लेलं असेल तर बॅटरी चार्जरची पद्धत आहे, प्लास्टिकच्या बादलीत दहा लिटर पाण्याला दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा, चार्जरचा निगेटिव्ह हत्याराला, पॉझिटिव्ह भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला, आणि दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. ती पट्टी स्टीलच्या भांड्यातली, म्हणजे स्टेनलेसची, अजिबात नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. जस्त चढवलेली पण नको. सोड्याऐवजी मीठ घालू नका. आणि हे उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको.

आता हातोडे. ऐरणीवर जेवढ्या खुणा दिसतात त्यातल्या बऱ्याच खराब हातोड्याच्या असतात. हातोड्याचं तोंड एकदम सपाट आणि कडा टोकदार असतील तर प्रत्येक चुकलेला घाव ऐरणीत चंद्रकोर उठवतो. तोंडाला अगदी किंचित फुगवटा द्या, कडा गोल करा, ग्राइंडर चालवताना दर थोड्या वेळानं पाण्यात बुडवा, लोखंडावर निळसर रंग चढला की तेवढं पाणी उतरलं. छिन्न्या आणि सुंब्यांची (भोकं पाडायच्या पंचांची) डोकी ठोकून ठोकून फुलासारखी पसरली असतील तर ती सगळी फुलं काढून टाका, त्यांचे तुकडे गोळीसारखे उडतात आणि डोळा जातो. गॉगल घालूनच काम करा, यात चालढकल नको.

छिन्नीच्या धारेवर कानस घासून बघा, घसरली तर कडक आहे, चावली तर परत पाणी द्यावं लागेल. टोक लाल करा, लोहचुंबक चिकटेनासं झालं की टोकाचा इंचभर भाग पाण्यात हलवत बुडवा, काढून चटकन दगडानं घासून उजळ करा आणि मागची उष्णता पुढं सरकताना रंग बघा, पिवळा, तपकिरी, मग जांभळा. लोखंड तोडायच्या छिन्नीला जांभळा धारेपाशी आला की परत पाण्यात.

दांडे धामणीचे किंवा बाभळीचे, लाकडाच्या रेषा लांबीत सरळ जाणाऱ्या, पाचर नीट ठोकलेली. हलणारा हातोडा पाण्यात भिजवून घट्ट करायची सवय सगळ्यांना असते, ते वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं. आजोबांच्या हाताला घासून गुळगुळीत झालेला दांडा चिरला असेल तर तो जपून ठेवा, पण कामाला नवाच घाला.

ओंडका बाभळीचा बुंधा मिळाला तर सोनं. तुमच्याकडची जमीन काळी, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तशीच पुरलात तर दोन वर्षांत ऐरण तिरकी होणार. म्हणून खड्डा मोठा घ्या, काळी माती सगळी काढा, मुरूम भरत चोपत या आणि दोन फूट ओंडका आत जाऊ द्या, पुरलेल्या भागाला वाळवीसाठी डांबर. आजोबा बसून काम करायचे म्हणता, मग त्यांचा ओंडका बुटका असणार, तुम्ही उभं राहून करणार असाल तर हात सरळ सोडून मूठ वळा, बोटांची पेरं जिथं येतात तिथं माथा यायला हवा. याहून उंच असला तर खांदा दुखतो, खाली असला तर कंबर. ऐरणीचे पाय लोखंडी पट्ट्यांनी दाबून धरा, पायांना भोकं पाडू नका. खाली सिलिकॉनचा जाड थर दिला तर आवाज बराच मरतो, शेजारपाजारचाच नाही तर तुमच्या कानांचा पण प्रश्न आहे.

भात्याचं चामडं पुरात भिजून कडक झालं असेल तर फार जीव लावू नका, एरंडेल लावून बघा, मऊ झालं तर ठीक, नाहीतर हाताचा पंखा बसवा. भट्टीत जस्त चढवलेलं काहीही घालू नका, धूर छातीत भरतो.

सांडशा मात्र एकही भंगारात देऊ नका. प्रत्येकीचं तोंड एका ठराविक कामासाठी वळवलेलं असतं, गोल सळईची वेगळी, पट्टीची वेगळी, नवीन करायला बसलात की कळेल त्यात किती मेहनत आहे. रिव्हेट आखडली असेल तर तापवून तेल सोडा आणि उघडझाप करत राहा, सुटते.

पहिलं काम म्हणून गाडीच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) कोयता करायला घेऊ नका, सगळे तिथंच सुरुवात करतात आणि पाणी देताना तडा गेला की निराश होतात. घरची बोथट पहार काढा आणि तिचं टोक शेवटायला, म्हणजे तापवून ठोकून परत टोकदार करायला घ्या. जाड असते, उष्णता धरून ठेवते, घाव इकडंतिकडं पडला तरी सावरता येतो, आणि ऐरण, ओंडका, हातोडा यातलं कुठं काय हलतंय ते त्या एका कामात सगळं समजतं.