चिठ्ठी देऊ नकोस, सोबत जा

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन पानं तुमच्या एचआयव्हीच्या कामासाठीच्या समितीवर खर्ची पडली आहेत. फादर काय म्हणाले, मौलाना बैठकीतून का उठून गेले, महाराजांनी निवेदनातल्या कुठल्या ओळीवर बोट ठेवलं, 'निरोध' लिहायचं की 'सुरक्षित वर्तन'. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ: 'मशिदीच्या ट्रस्टकडून एक बाई आल्या होत्या, त्यांना सिव्हिलच्या एआरटी सेंटरची, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथली, चिठ्ठी दिली.'

त्या बाई पोचल्या का?

तू विचारतेस, चार धर्मांच्या संस्थांचं एकत्र काम जमणारच नसेल तर तिथं थांबण्यात काय अर्थ आहे. मी विचारते, त्या बाई पोचल्या का?

२००५ सालची गोष्ट. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत गोळ्या सुरू केल्या होत्या, पण केंद्रं मोजकीच. मी तेव्हा एका ख्रिस्ती संस्थेच्या सेवागृहात समुपदेशक होते. ट्रकवर जाणाऱ्या एका माणसाची विधवा आली, कडेवर तीन वर्षांचा मुलगा. आमच्याकडे एकही खाट रिकामी नव्हती. चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या धर्माच्या मंडळींनी असंच घर चालवलं होतं. मी लेटरहेडवर वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला, एसटीचे पैसे दिले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

चार महिन्यांनी तिची आई आली. सोबत तो मुलगा. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या केलेली माझीच चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. फाटकावरच्या माणसानं विचारलं होतं, 'तुम्ही कुणाच्या?' पोरीला काय सांगावं कळेना, ती परत फिरली. आमच्याकडेही आली नाही, कारण आम्ही तर तिला पाठवूनच दिलं होतं. घडीवर शाई पुसट झाली होती, शिक्का मात्र ठळक होता.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे आणि ती तुला आवडो न आवडो, सांगणार आहे. चिठ्ठी देऊ नकोस, सोबत जा. आपण ज्याला मोठ्या तोंडानं 'समन्वय' म्हणतो, तो मला तरी एवढाच कळला आहे. मंदिरातून निघालेला माणूस दवाखान्याच्या खिडकीपर्यंत आणि तिथून सेवागृहाच्या खाटेपर्यंत कुणाचा तरी हात धरून पोचला, तर संस्था एकत्र काम करताहेत. नाहीतर एक डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, एकाच मंचावर चार पोशाख दिसतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो.

धर्मसंस्थांनी एचआयव्हीवर काम केल्याचं युगांडाचं उदाहरण तू दिलंस, बरं केलंस. पण अर्धंच दिलंस. राजधानी कंपालात कॅथलिकांचं न्साम्ब्या, अँग्लिकनांचं मेंगो, मुस्लिमांचं किबुली अशी रुग्णालयं वेगवेगळ्या टेकड्यांवर उभी आहेत. तिथल्या इस्लामी वैद्यकीय संघटनेनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इमामांना शिकवून घरोघरी पाठवलं, तेव्हा त्यांच्या शिकवणीत निरोध नव्हता. पुढे चर्चा होत होत तो आला. म्हणजे आधी इमाम घरात शिरले आणि नंतर तो शब्द आला. तू शब्दापासून सुरुवात करते आहेस. आणि गिडियन ब्यामुगिशा या धर्मगुरूंनी १९९२ मध्ये आपल्याला एचआयव्ही आहे हे उघड सांगितलं. पुढे २००३ मध्ये त्यांच्यासारख्या धर्मगुरूंचं आफ्रिकाभराचं जाळं उभं राहिलं. त्याच्या मुळाशी निवेदन नव्हतं गं, एका माणसाचा उघडा चेहरा होता.

माझ्याबद्दल तुझ्या कानावर आलंच असेल: बाईंनी धर्मगुरूंना कधी कोंडीत पकडलं नाही, निरोधाच्या मुद्द्यावर गप्प बसल्या. बसले. पण माझ्या पिशवीत पाकिटं असायची आणि समुपदेशनाच्या खोलीत मी ती देत होते. फादरांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. याला कुणी लबाडी म्हणेल. मी म्हणणार नाही. त्या खोलीत यायला माणसं घाबरत नव्हती, आणि ती खोली मला राखायची होती.

मात्र एका बाबतीत मी गप्प बसले नाही, तूही बसू नकोस. प्रार्थनेनं बरी झाले, अंगाऱ्यानं उतरलं, म्हणून गोळ्या सोडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. अशा वेळी डॉक्टरांचं कुणी ऐकत नाही, महाराजांचं ऐकतात. म्हणून त्या त्या माणसाच्या धर्मगुरूकडे जायचं आणि त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं: प्रार्थना कर आणि गोळीही घे. आज रोजची एक गोळी नेमानं घेतली आणि रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, की शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही. हे व्यासपीठावरून त्यांनी सांगितलं, तर तुझ्या निवेदनाच्या दहा प्रतींपेक्षा जास्त काम होईल.

आणि सोबत जायचं म्हणजे गावभर करायचं नाही. 'आमच्या मंडळात एक ताई आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा' इतक्या मायेच्या वाक्यानं एक घर उठलेलं मी पाहिलंय. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची माहिती देता येत नाही, आणि देवळातल्या, चर्चमधल्या, दर्ग्यातल्या चांगल्या माणसांनाच हे सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. गोळ्यांची बाटली घरात वाजू नये म्हणून बाया तिच्यात कापूस कोंबतात. त्यांची भीती किती आहे ते त्या कापसावरून ओळख.

समिती सोडू नकोस. निवेदन बाजूला ठेव आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकाकडून एकच गोष्ट माग: एका माणसाचं नाव आणि फोन नंबर. फाटकावर येऊन उभा राहील, 'तुम्ही कुणाच्या' असं विचारणार नाही, असा माणूस. मौलाना परत येतील. शब्दावरून उठून गेलेले कामासाठी येतात.

पण त्याआधी उद्या सकाळी ट्रस्टच्या माणसाला फोन कर. आजार-बिजार काही बोलू नकोस, 'त्या बाईंना मला भेटायचंय, निरोप द्या' एवढंच. त्या तयार असतील तर पहिल्या एसटीनं निघा. आधार कार्डाची झेरॉक्स, पाण्याची बाटली आणि डबा घे, ओपीडीला दुपार होते. सेंटरच्या बाहेर तू थांब, आत त्या म्हणाल्या तरच जा. उपचाराच्या नोंदीचं पुस्तक हातात पडलं, पहिल्या गोळ्या मिळाल्या, की परतीच्या गाडीत बसून मला फोन कर. कितीही उशीर होऊ दे, मी जागी असेन.

तुझी,
मावशी